बाथरूम-किचनचं काम काढलंय: सामान आपण आणायचं की कंत्राटदारावर सोडायचं?

कोथरूडकर_७
नमस्कार मंडळी. आमचा फ्लॅट १९९८ सालचा. दोन बाथरूम आणि किचनचा ओटा फोडून नवं करायचं आहे. जुने जीआय पाइप आतून इतके गंजलेत की सकाळची पहिली बादली चहाच्या रंगाची येते. कंत्राटदाराने दोन आकडे दिलेत: नुसती मजुरी १ लाख ६५ हजार, सामानासकट ४ लाख १० हजार. दोन रविवार दुकानं पालथी घातली. टाइल्स, कमोड, नळ, पाइप, सिमेंट धरून माझी बेरीज १ लाख ९० हजारांवर थांबते, म्हणजे ५५ हजारांचा फरक. बायको म्हणते, "तो फरक नाही, तुझ्या रजांचा पगार आहे." कुणी स्वतः सामान आणलंय का? पस्तावलात की वाचलात?

पेठेतला_आळशी
वहिनींचं खरं आहे. सामान म्हणजे टाइल्स आणि नळ, असं मलाही वाटायचं. मग कळलं की सामान म्हणजे दीड किलो व्हाइट सिमेंट, टेफ्लॉन टेप, सॉल्व्हंटचा डबा, स्पेसर, कटरचं ब्लेड. पाऊण इंची एल्बो सांगितलेले असतात, आपण अर्ध्या इंचीचे घेऊन येतो. सव्वाअकराला मीटिंगमध्ये फोन: "साहेब, रिड्यूसर नाही, माणसं बसून आहेत." बसलेल्या माणसांचीही हजेरी लागतेच. क्रश सँडची पोती लिफ्टमधून न्यायला सोसायटीने नाही म्हटलं, तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली वेगळी गेली.

रमा_डोंबिवली
माझा अनुभव सुतारकामाचा, पण इथे लागू पडेल. प्लाय आम्हीच आणायचं ठरलं. सुताराने दुकान सुचवलं, गेलो. दुकानदाराचा पहिला प्रश्न "किती शीट?" नव्हे, "मिस्त्री कोण?" मी भाबडेपणाने नाव सांगितलं. त्याने वहीत बघितलं आणि भाव सांगितला, एक रुपया हलला नाही. दुसऱ्या दिवशी दीर त्याच दुकानात गेले, म्हणाले मिस्त्री-बिस्त्री कुणी नाही. तोच प्लाय, तीच कंपनी, चौरस फुटाला ७ रुपये कमी! आठ बाय चारची शीट म्हणजे ३२ फूट, आम्हाला लागणार होत्या २२ शीट. करा गुणाकार. सामान आपण आणलं म्हणजे मिस्त्रीचा कट, म्हणजे दुकानदार त्याला देतो ते कमिशन, वाचला असं नसतं, तो आपल्याच पाकिटातून आपल्याच हाताने दिला जातो.

सोनचाफा
वाचतेय. आमचंही दिवाळीनंतर काढायचंय.

थापी_ओळंबा
मी हाच धंदा करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. कट असतो, नाकारत नाही. सामानासकट काम घेतो तेव्हा मीही सामानावर १० ते १५ टक्के धरतो. त्या पैशात माझ्या फेऱ्या असतात, फुटलेली टाइल असते, आणि सहा महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे काका ओल आली म्हणून बेल वाजवतात तेव्हा मला जावं लागतं, तेही असतं. सामान तुमचं असेल तर मी म्हणणार पाइप खराब होता, तुम्ही म्हणणार जोड खराब होता. भिंत फोडल्याशिवाय कोण खरं ते कळत नाही, आणि फोडायचा खर्च कुणी द्यायचा यावर पुढचं भांडण.

म्हणून जे भिंतीत किंवा फरशीखाली गाडलं जाणार ते मी माझ्याकडे ठेवतो: पाइप, फिटिंग, नहाणी ट्रॅप (पाणी जायच्या जाळीखालचं भांडं), कोबा, वॉटरप्रूफिंगची केमिकलं, सिमेंट, वाळू. डोळ्यांना दिसणारं गिऱ्हाइकाने आणावं: टाइल्स, कमोड, बेसिन, नळ, आरसा. तिथे आवडीचा प्रश्न असतो आणि किमती शंभरापासून लाखापर्यंत असतात. मी आणलेला नळ वहिनींना आवडेलच असं नाही.

एक अपवाद, डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारी चावी. त्याची बॉडी भिंतीत जाते आणि मूठ बाहेर दिसते. एका कंपनीच्या बॉडीला दुसरीची मूठ बसत नाही. नळ तुम्ही घेणार असाल तर बॉडी टाइल्स लागण्याआधी साइटवर हवी, "पुढच्या रविवारी आणतो" चालत नाही.

आणि कोटेशन नीट वाचा. "चांगल्या क्वालिटीचा पाइप" असं लिहिणाऱ्याला कागद परत द्या. कंपनी, जाडी, ग्रेड लिहून घ्या. वायर बदलणार असाल तर लाइटला दीड, प्लगला अडीच, गीझरला चार स्क्वेअर एमएम असं लिहायला लावा. सिमेंटच्या पोत्यावर कुठल्या आठवड्यात भरलं ते छापलेलं असतं, तीन महिन्यांच्या वरचं परत पाठवा. सिमेंटचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ चा १८ टक्के झाला. कोटेशन जुन्या फाइलमधून उचललेलं असेल तर भावही जुनेच असतील.

कोथरूडकर_७
दादा, मनापासून आभार. टाइल्स नेमक्या मोजून आणाव्यात की जास्त? उरल्या तर दुकानदार घेतो का?

थापी_ओळंबा
दोन बाय दोनच्या खोक्यात चार येतात, साधारण साडेपंधरा फूट. मापावर १० टक्के वाढवा, तिरक्या लावायच्या असतील तर आणखी थोड्या. न फोडलेली खोकी परत घेणार का, ते बिलावरच लिहून घ्या. आणि खोक्यावर शेड नंबर असतो, सगळ्या खोक्यांवर एकच हवा. मागून दोन खोकी आणावी लागली की तोच माल वेगळ्या रंगाचा निघतो. दुकानात दिसत नाही, ट्यूबलाइट लावली की घरात दिसतो. एक खोकं माळ्यावर ठेवा, पाच वर्षांनी एखादी टाइल फुटली की लागेल.

सातारी_बंगळुरात
आई-बाबांचं साताऱ्याचं घर मी इथून फोनवर करून घेतलं. साइटवर आपलं माणूस नसेल तर सामान आणायच्या फंदात पडू नका. पोती मोजणार कोण? बाबा ७४ वर्षांचे, त्यांना तिथे उभं करून ठेवणं मला पटलं नाही. सामानासकट दिलं, टप्प्याटप्प्याने पैसे दिले. शेवटचा हप्ता बाथरूमचा ट्रॅप बुजवून ४८ तास पाणी भरून ठेवल्यावर आणि खालच्या खोलीच्या छताचा फोटो आल्यावरच सोडला.

पेठेतला_आळशी
हे ४८ तासांचं आधी कुणी सांगितलं असतं तर खालच्या जोशीकाकूंशी आमचे संबंध आज बरे असते.

कोथरूडकर_७
अपडेट. कंत्राटदाराला थापीदादांची वाटणी सांगितली. थोडं तोंड वाकडं केलं, मग मानला. गाडलं जाणारं सामान त्याचं, दिसणारं आमचं. नवा आकडा २ लाख ५५ हजार, ट्रॅप आणि पाइप कंपनीच्या नावासकट कागदावर. पाणी भरून बघायचंही लिहून घेतलंय. आमचं सामान एक लाखात बसवायचंय, बघू.

आज टाइल्स घ्यायला गेलो. दुकानदाराने चहा मागवला आणि विचारलं, "मिस्त्री कोण?" रमाताई, तुमची आठवण आली. म्हणालो, "मीच." त्याने माझे हात पाहिले, मग गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र पाहिलं, आणि फुटाला ४ रुपये कमी केले.