मेंढ्यांच्या खुराकात तेल घातलं तर मटणाची चरबी मऊ होते का?

घोडनदीकाठ
माझा शिरूर तालुक्यात मेंढ्यांचा बंदिस्त गोठा आहे. दख्खनी-माडग्याळ संकराची ४० नर कोकरं, वय ५ ते ६ महिने, सरासरी वजन २५ किलो. खुराकात मका भरडा, सरकी पेंड आणि गव्हाचा कोंडा. वैरणीला कडबा कुट्टी आणि थोडा लसूणघास. माल हडपसर भागातल्या बोल्हाईच्या (म्हणजे मेंढीच्या) मटणाच्या दुकानांना आणि एका केटररला जातो. केटररची तक्रार अशी की रस्सा जरा निवला की चरबी थिजते, टाळूला चिकटते, शिवाय मेंढीचा वास मारतो. एक जण पाम तेल घाला म्हणतो, दुसरा जवस. कोणतं, किती आणि किती दिवस द्यायचं? वास खरंच जातो का?

चाऱ्याचं गणित
पाम तेल आधी यादीतून काढा. त्यात पामिटिक आम्ल सुमारे ४४ टक्के असतं, म्हणजे मुळातच घट्ट चरबी. पाम तेलापासून केलेली बायपास फॅट (पहिल्या पोटात न बदलता पुढे जाणारी चरबी) दुभत्या जनावराला ऊर्जा म्हणून ठीक आहे, पण चरबी मऊ करायला तिचा उपयोग नाही.

आता मूळ अडचण. डुकराला किंवा कोंबडीला जे तेल घालाल त्याचीच छाप चरबीवर उमटते. मेंढीचं तसं नाही. तिच्या पहिल्या पोटातले जिवाणू पातळ तेलातली आम्लं पकडून त्यांना हायड्रोजन जोडतात आणि शेवटी त्यांचं स्टिअरिक आम्ल करून टाकतात. करडई-सोयाबीनचं लिनोलिक असो की जवसाचं लिनोलेनिक, ८० ते ९५ टक्के असंच बदलतं. स्टिअरिक वितळतं ६९ अंशांच्या आसपास. मेंढीची चरबी त्यामुळेच ४५ अंशांच्या मागेपुढे वितळते आणि तोंडातल्या ३७ अंशांना थिजलेली राहते. म्हणजे तेल घातलं तर फरक पडतो, पण थोडा. रस्सा एकदम बकऱ्याच्या मटणासारखा होईल असं केटररला सांगू नका.

जे थोडं निसटून पुढे जातं त्याचा फायदा मात्र खरा आहे. जवसाने स्नायूतल्या ओमेगा-३ चं प्रमाण वाढतं, आणि जिवाणूंच्या अर्धवट कामातून तयार होणारं सीएलए (कॉन्ज्युगेटेड लिनोलिक आम्ल) हेही वाढतं. करडई (जुन्या वाणांत लिनोलिक ७५ टक्क्यांच्या आसपास) आणि सूर्यफूल यांनी सीएलए वाढतं, ओमेगा-३ नाही. तुमच्या कामाला जवस बरं. 'लाकडी घाण्याचं' तेल मेंढीला पाजायच्या भानगडीत पडू नका, त्याचा भाव बघूनच कोकरू परवडेनासं होईल. सरळ जवसाचा दाणा घ्या. त्यात तेल सुमारे ४० टक्के असतं, म्हणजे ५० ग्रॅम दाण्यात २० ग्रॅम तेल.

मात्रा अशी. २५ किलोचं कोकरू रोज साधारण १ किलो कोरडं खाद्य खातं, निम्मा खुराक आणि निम्मी वैरण. वरून घातलेलं तेल एकूण कोरड्या खाद्याच्या २ टक्के धरा, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. ३ टक्क्यांच्या वर जाऊ नका. खुराकाचं आधीचं तेल धरून एकूण आहारात ६ टक्क्यांची हद्द ओलांडली की गडबड सुरू होते. सरकी पेंडीत घाण्यानुसार ६-७ टक्के तेल राहतं, तांदळाचा तेल न काढलेला कोंडा १२-१५ टक्क्यांपर्यंत जातो. हे न मोजता वरून तेल ओतलं की हद्द नकळत ओलांडली जाते.

१०० किलो मिश्रणाचा एक नमुना: मका भरडा ४०, सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड) १८, गव्हाचा कोंडा १९, तूर चुनी ९.५, जवस भरडा १०, कॅल्साइट पावडर १.५, मीठ १, मेंढीचं खनिज मिश्रण १. यात सरकी मुद्दाम घेतलेली नाही.

जास्त तेलाने काय होतं ते लक्षात ठेवा, कारण बहुतेक जण इथेच फसतात. मोकळं तेल तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारक ठरतं आणि कडब्याच्या तुकड्यांवर थर धरतं. दोन-तीन दिवसांत कोकरू खुराक शिल्लक ठेवतं, लेंडी गोळी न राहता चिकट पडते, तिच्यात न पचलेला कडबा दिसतो. असं दिसलं की जवस निम्मं करा, वैरण वाढवा. सुरुवात हळू: पहिल्या आठवड्यात मिश्रणाच्या ३ टक्के जवस, दुसऱ्यात ६, तिसऱ्यापासून १०, कमी केलेली जागा मक्याने भरा. पोटात तेलाचा कॅल्शियमशी साबण बनतो, म्हणून कॅल्साइट कमी करू नका.

वैरण ४० टक्क्यांच्या खाली आणू नका. मका भरपूर आणि वर तेल अशी जोडी झाली की पोटाचा सामू घसरतो, जिवाणूंची वाट बदलते आणि ज्या सीएलएसाठी धडपड केली तेच कमी होऊन नको असलेली ट्रान्स आम्लं चरबीत साठतात.

जवस भरडूनच द्या, गुळगुळीत बारीक दाणा अख्खा निसटतो. भरडल्यावर तेलाला हवा लागते, म्हणून एका वेळी आठवड्यापुरतंच भरडा आणि सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांपुरतं. कोमट पाण्यात भिजवून ठेवायची सवय असेल तर सोडा. जवसातल्या विकरामुळे त्या पाण्यात हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. एकतर कोरडं द्या, नाहीतर उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं चांगलं शिजवा.

मुदत म्हणाल तर जनावर कापण्याआधीचे ६० दिवस. पंधरा दिवसांत चरबीची घडण बदलत नाही.

पायापासून परातीपर्यंत
वरचं गणित बरोबर आहे, पण केटररची तक्रार तेलाने मिटेल असं मला वाटत नाही. मेंढीचा वास येतो तो चरबीत साठलेल्या फांदीदार साखळीच्या आम्लांमुळे, उदाहरणार्थ ४-मिथिल ऑक्टेनॉइक. वयाबरोबर ती वाढतात, खच्ची न केलेल्या नरात जास्त असतात, आणि भरपूर धान्य देऊन वाढवलेल्या कोकरातही वाढतात, कारण तिथे पोटात प्रोपिओनिक आम्ल जास्त तयार होतं आणि त्यापासूनच ही आम्लं बनतात. लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यातून स्कॅटोल येतं, त्याचा वास वेगळा, शेणकट. म्हणून जनावर कापण्याआधीचे दोन-तीन आठवडे लसूणघास बंद करून कडबा आणि मका कुट्टीवर ठेवा. माल ७-८ महिन्यांच्या पुढे धरून ठेवू नका. ईदचं गिऱ्हाईक नसेल तर ३ महिन्यांच्या आत बर्डिझो चिमट्याने खच्ची करा. आता ५-६ महिन्यांच्या कोकरांना तो उपाय उशिराचा आहे.

बोल्हाईच्या दुकानाचं गिऱ्हाईक मेंढीचंच मटण मागायला येतं, त्याला तो वास खटकत नाही. त्या मालासाठी जवसावर एक रुपयाही घालू नका.

केटररसाठी सोपा उपाय म्हणजे कापताना गुर्द्याभोवतीची चरबी आणि पोटाचा जाळीदार पडदा पूर्ण काढून द्या. अंगावरच्या चरबीपेक्षा ही कितीतरी कडक असते आणि थिजलेल्या रश्शावर पांढरा थर मुख्यतः तिचाच असतो.

आणि चिवटपणाची तक्रार आलीच तर ती तेलाच्या माथी मारू नका. टेम्पोत दाटीवाटीने, उपाशी, घाबरलेलं जनावर आणून लगेच कापलं की स्नायूतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) संपलेलं असतं, मटणाचा सामू ५.५-५.८ पर्यंत उतरत नाही, मांस गडद आणि कोरडं लागतं. उलट कापल्यावर लगेच कडक थंडीत टाकलं तरी स्नायू आखडून चिवट होतात. सामू ६ च्या खाली येईपर्यंत १० अंशांच्या खाली नेऊ नये.

घोडनदीकाठ
दोघांचे आभार. तीन शंका राहिल्या. जवळच्या फरसाणवाल्याकडे तळून उरलेलं तेल स्वस्तात मिळतं, ते जवसाऐवजी चालेल का? सध्या गाईंचंच खनिज मिश्रण वापरतोय, तेच ठेवू? आणि केटरर पुढे पाकीटबंद थंड मटण सुरू करतोय, त्यासाठी काही वेगळं?

चाऱ्याचं गणित
तळलेलं तेल नाही. वारंवार तापून ते ऑक्सिडाइझ झालेलं असतं, खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, कोकरं तोंड फिरवतात, आणि फरसाणाचं तेल बहुधा पाम असतं, म्हणजे पुन्हा तिथेच.

गाईंचं मिश्रण आजच थांबवा. त्यात तांबं गाईच्या हिशोबाने असतं. मेंढीच्या यकृतात ते साठत जातं आणि एके दिवशी ताण पडला की एकदम रक्तात उतरतं: लघवी लाल-तपकिरी, डोळे पिवळे, जनावर दोन-तीन दिवसांत जातं. पिशवीवर 'मेंढ्यांसाठी' असं छापलेलं आणि वरून तांबं न घातलेलंच घ्या.

नर कोकरांत आणखी एक. मका आणि गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त, त्यामुळे मुतखडा होतो. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण किमान २ ला १ ठेवा. कोकरू कण्हत, थेंब थेंब लघवी करताना दिसलं तर खुराक बंद आणि डॉक्टर. प्रतिबंध म्हणून खाद्याच्या कामाचं अमोनियम क्लोराइड आहाराच्या ०.५ टक्का चालतं. पाणी मात्र स्वच्छ आणि भरपूर हवं.

पायापासून परातीपर्यंत
पाकिटाचं मी सांगतो. ओमेगा-३ वाढलं की मांस हवेत लवकर खवट होतं आणि लाल रंग तपकिरी पडतो. त्याच दिवशी विकणाऱ्या दुकानात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, पण चार दिवस थंड कपाटात राहणाऱ्या पाकिटात येतं. म्हणून जवस चालू असताना निदान शेवटचे सहा-आठ आठवडे ई जीवनसत्त्व द्या, आहाराच्या किलोला १५० ते ३०० मिलिग्रॅम. ते जवस भरड्यात थेट न मिसळता आधी किलोभर गव्हाच्या कोंड्यात घोळवा, तो कोंडा दहा किलो मक्यात, आणि मग सगळ्या ढिगात; नाहीतर एका कोकराला दुप्पट आणि दुसऱ्याला शून्य मिळेल.

चाळीसातली पाच-सहा कोकरं जवसाविना ठेवा आणि दोन्हीकडचं मटण खुणेची चिठ्ठी न लावता केटररला शिजवायला द्या. त्याला फरक ओळखता आला आणि किलोमागे जास्त द्यायची तयारी असली तरच पुढच्या लॉटला जवस घ्या.