ड्रायव्हरची चूक म्हटलं की चौकशी संपली का?

मिसुरीकर
मेंडनच्या अपघातावरून परवा इथल्या मंडळींत जोरदार वाद झाला, तोच इकडे आणतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ जून २०२२, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं मेंडन हे छोटं गाव, लॉस एंजेलिसहून शिकागोला चाललेली अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ गाडी आणि खडीने भरलेला एक डंपर. क्रॉसिंगवर गेट नाही, लाइट नाही, घंटा नाही, फक्त फुलीची पाटी आणि स्टॉपचा बोर्ड. डंपर थांबला नाही. गाडी रुळावरून उतरली, डबे आडवे पडले, ३ प्रवासी आणि डंपरचा ड्रायव्हर गेले, दीडशेच्या आसपास जखमी.

आता मुद्दा. एनटीएसबी ही इथली सरकारी चौकशी संस्था, रेल्वे कंपनीच्या पण हाताखाली नाही आणि वाहतूक खात्याच्या पण नाही. त्यांचा रिपोर्ट ऑगस्ट २०२३ ला आला. ड्रायव्हर स्टॉपला न थांबता रुळावर गेला हे त्यात स्वच्छ लिहिलंय, का गेला ते कळलं नाही हेही लिहिलंय. पण ते तिथे थांबले नाहीत, त्यांनी रस्ता मोजला. रस्ता रुळाला काटकोनात न येता ४५ अंशात तिरका येतो, वर खडा चढ, म्हणजे येणारी गाडी दिसायलाच अवघड, आणि हे अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून रिपोर्टात नोंदलं. गावातले लोक आधीपासून बोंबलत होते, लाइट आणि गेटचं काम राज्याच्या यादीत होतं, फक्त पैसा सुटायचा होता. नंतर ते क्रॉसिंगच बंद केलं आणि मिसुरीने अशा क्रॉसिंगांसाठी ५ कोटी डॉलर काढले.

आपल्याकडे काय होतं? ट्रक ड्रायव्हरवर गुन्हा, गेटमन सस्पेंड, फाइल बंद. ड्रायव्हरची चूक आहे म्हटल्यावर खरं तर चौकशी सुरू व्हायला पाहिजे, आपल्याकडे ती तिथेच संपते. बोला.

सी_फा
बोलतो. घरात दोन पिढ्या रेल्वेची नोकरी, त्यामुळे तिखट बोललो तर राग मानू नका. फाटकाच्या अलीकडे रुळाच्या कडेला पिवळी पाटी असते, तिच्यावर सी/फा लिहिलेलं असतं, म्हणजे सीटी द्या फाटक आलंय. तिथून फाटक ओलांडेपर्यंत लोको पायलट हॉर्न वाजवत असतो. ११० ने चाललेल्या गाडीला समोर ट्रक दिसला आणि इमर्जन्सी ब्रेक मारला तरी गाडी उभी राहायला किलोमीटरभर जागा लागते, म्हणजे दिसला तेव्हाच सगळं ठरलेलं असतं, त्याच्या हातात हॉर्न आणि देवाचं नाव. त्या माणसाला नंतर झोप येत नाही महिना महिना, त्याचा कोण अँगल मोजतो?

आणि तुम्ही रस्त्याचा अँगल मोजा, चढ मोजा, सूर्य कुठे होता ते पण मोजा, पण स्टॉप म्हणजे स्टॉप. अँगल वाईट असेल तर जास्तच थांबावं की नाही माणसाने? रिपोर्टात दहा कारणं लिहिली की ज्याने नियम मोडला त्याच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो, बाकी सगळं 'सिस्टीम'च्या नावावर.

जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडचं उदाहरण घ्या ना. १४ मार्च २०२५, धुळवडीची पहाट, मुंबई अमरावती एक्सप्रेस गव्हाच्या ट्रकवर आदळली. तिथे फाटक कधीच बंद केलेलं, वरून ओव्हरब्रिज झालेला. तरी ट्रक बंद फाटकातून घुसला आणि रुळावर अडकला. नशीब कुणाला लागलं नाही. आता इथे कुठला अँगल मोजणार तुम्ही?

खान्देशी गाडीवान
भाऊ बोदवडचं नाव काढलं म्हणून लिहितो, आमच्या दोन गाड्या आहेत, धान्य कापूस सगळं चालतं. त्या ड्रायव्हरने चूक केली, शंभर टक्के केली, त्याची बाजू घेत नाही. पण पहाटे साडेचारला धान्याचा ट्रक जुन्या रस्त्याने आला कसा हे कुणी विचारलं का? पूल झाला की जुना रस्ता नुसता सोडून देतात. डांबर तसंच राहतं, फाट्यावरचा बोर्ड तसाच राहतो, मोबाइलचा मॅप कधीकधी जुनाच रस्ता दाखवतो. बाहेरगावचा ड्रायव्हर रात्रभर गाडी ओढून आलेला असतो, हेडलाइटमध्ये रस्ता सरळ दिसतो, तो सरळ जातो. बोदवडला नेमकं असंच झालं असं म्हणत नाही, पण हे रोज बघतो. जुना रस्ता जेसीबीने उखडून टाकायला किती खर्च येतो हो? एक दिवसाचं भाडं.

आणि फाटकाच्या दोन्ही बाजूला जो लोखंडी हाइट गेज असतो ना, वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेला माल लागू नये म्हणून, तो ठोकून ठोकून वाकलेला असतो वर्षानुवर्षं. तो सरळ करायची जबाबदारी कुणाची, विचारून बघा, पीडब्ल्यूडी म्हणेल रेल्वे, रेल्वे म्हणेल पीडब्ल्यूडी.

सी_फा
गाडीवान दादा, रात्रभर गाडी ओढून आलेला म्हणालात, तो का ओढतो रात्रभर? मालक ट्रिप मोजतो म्हणून. ते पण लिहा की रिपोर्टात.

खान्देशी गाडीवान
लिहा ना! तेच तर म्हणतो मी पण. मालकाचं पण लिहा, माझं पण लिहा. पण एफआयआरमध्ये नाव एकट्या ड्रायव्हरचं येतं.

कोर्टकचेरी
दोघांच्या मध्ये थोडा कायदा टाकते, कंटाळा आला तर पुढे सरका. रेल्वे कायदा १९८९, कलम १६०, बंद फाटक उघडलं तर ३ वर्षांपर्यंत आणि तोडलं तर ५ वर्षांपर्यंत कैद. मोटार वाहन कायद्याचं कलम १३१ त्याहून भारी आहे, बिनापहाऱ्याच्या फाटकावर ड्रायव्हरने गाडी उभी करायची, क्लीनरने खाली उतरून रुळापर्यंत चालत जायचं, गाडी येत नाही बघून मग ट्रक पास करून घ्यायचा, आणि क्लीनर नसेल तर ड्रायव्हरने स्वतः उतरायचं. कुणी केलेलं बघितलंय का कधी? मी तर नाही.

म्हणजे कागदावर ड्रायव्हर कायमच दोषी निघणार. पण सी_फा, सुप्रीम कोर्ट तिथे थांबलं नाही. केरळमध्ये १९७९ साली बिनागेटच्या फाटकावर रेल्वेने बस उडवली, ४० च्या वर लोक गेले, ते प्रकरण १९९७ ला सुप्रीम कोर्टात निकालात निघालं. बसच्या ड्रायव्हरची चूक आहे असं म्हटलं आणि रेल्वेची पण आहे असं म्हटलं, रहदारी वाढलेल्या ठिकाणी गेट न लावणं हाही निष्काळजीपणाच. एकाची चूक निघाली म्हणून दुसरा सुटत नाही, हा काही अमेरिकेतून आणलेला विचार नाहीये.

वऱ्हाडी ठेचा
राजेहो कन्हान विसरले का सगळे? फेब्रुवारी २००५, नागपूरजवळ, लग्नाचं वऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बिनागेटचं फाटक, पॅसेंजर गाडी. ५० च्या वर माणसं गेली, बायका लेकरं. ट्रॉलीत माणसं भरणं चूकच, मान्य. पण लग्नाला जायला त्या गावाले दुसरं काय होतं ते सांगा. मिसुरीकरचा मुद्दा मले पटते, फक्त भारताले नावं ठेवायची घाई करू नका, थांबा जरा.

आकडेमोड
मी पण तेच म्हणणार होतो, पण उलट्या बाजूने. एनटीएसबीचं इतकं कौतुक चाललंय, तर त्या संस्थेला अधिकार काय? शिफारस करायचा. बस. पाळली तर पाळली. अमेरिकेत खासगी धरून २ लाखांच्या वर क्रॉसिंग आहेत आणि त्यातल्या ढीगभर ठिकाणी आजही मेंडनसारखी नुसती फुलीची पाटी आहे. आपण ब्रॉडगेजवरचं शेवटचं बिनापहाऱ्याचं फाटक ३१ जानेवारी २०१९ ला संपवलं. कसं? २०१४ ला तेलंगणात मासाईपेटला शाळेची बस गेली, २०१८ ला कुशीनगरला १३ मुलं गेली, मग पैसा सुटला, पूल, अंडरपास, गेटमन. सुंदर सुंदर रिपोर्ट लिहून झालं नाही ते, काँक्रीट ओतून झालं. मेंडनच्या रिपोर्टाला १३ महिने लागले, आणि अॅमट्रॅक आणि ती ट्रॅकवाली बीएनएसएफ कंपनी यांनी ट्रकच्या मालकावर दावा मात्र आठवड्याच्या आत ठोकला. कुठे गेली तेव्हा सिस्टीम?

मिसुरीकर
दाव्याचं बरोबर आहे, कंपन्या तेच करणार. म्हणून तर इथल्या कायद्यात एनटीएसबीचा रिपोर्ट नुकसानभरपाईच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. कोर्टकचेरी ताई जास्त सांगतील, पण मला त्यातलं जे कळतं ते असं की दोष कुणाच्या गळ्यात घालायचा हे काम कोर्टाचं आणि परत होऊ नये म्हणून काय करायचं हे काम चौकशीचं, दोन्ही वेगळी ठेवली की लोक मोकळं बोलतात.

आणि एनटीएसबीवाले ड्रायव्हरला सोडतात हा गैरसमज आहे. १९९९ ला इलिनॉयमध्ये बोरबोनेला सळ्यांच्या ट्रकवर गाडी आदळली, ११ मेले. ड्रायव्हर म्हणाला लाइट उशिरा लागले. त्यांनी सिग्नलची वायर न वायर तपासली, आणि शेवटी लिहिलं की ड्रायव्हर बहुतेक थकलेला होता आणि गाडीच्या आधी निघू असा त्याचा अंदाज चुकला. उलट १९९५ ला त्याच राज्यात फॉक्स रिव्हर ग्रोव्हला स्कूल बसची शेपटी रुळावर राहिली, ७ मुलं गेली, तिथे निघालं की पुढच्या चौकातला सिग्नल आणि रेल्वेचा सिग्नल यांची वेळच जुळत नव्हती, बसला हिरवा मिळेपर्यंत गाडी आली होती. नुसतं ड्रायव्हर बाईंवर ढकलून मोकळे झाले असते तर ते सिग्नल तसेच चालू राहिले असते. आणि गाडीवान भाऊंचा मॅपचा मुद्दा, २०१५ ला कॅलिफोर्नियात ऑक्सनार्डला एकाने पिकअप ट्रक वळवला तो थेट रुळावरच घातला, तेव्हा एनटीएसबीने मॅप बनवणाऱ्या कंपन्यांनाच सांगितलं की क्रॉसिंग दाखवा.

सी_फा
सगळं छान. आता आमच्या गेटमनचं बोला. बारा बारा तास एकटा माणूस खोलीत, फोन, झेंडे, रुळावर आडवा लावायचा बॅनर फ्लॅग, गाडीला धोका कळवायला रुळावर लावायचे फटाके. स्टेशन मास्तर फोनवर प्रायव्हेट नंबर म्हणजे खुणेचा आकडा देणार, हा गेट लावून आपला नंबर देणार, आणि गेट लावायला गेला की दहा बाइक खालून घुसतात, ट्रकवाला हॉर्न देतो, शिव्या देतो, कधी हात उचलतो. इंटरलॉक गेट असेल तर गेट लागल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, मग गाडी बाहेर उभी, लेट झाली की जबाब गेटमनला. पब्लिकने गेटखालून वाकून जायचं आणि अपघात झाला की स्वतंत्र चौकशी मागायची.

कोर्टकचेरी
इंटरलॉकवरून आठवलं. ८ जुलै २०२५, तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमला शाळेची व्हॅन, ३ मुलं गेली. तिथलं गेट इंटरलॉक नव्हतं. रेल्वेचं त्या दिवशीचं पहिलं म्हणणं काय होतं आठवतं? व्हॅनच्या ड्रायव्हरने गेट लावू दिलं नाही, सोडायचा आग्रह केला. मग चौकशीत गेट उघडंच होतं असं निघालं आणि गेटमनची नोकरी गेली. आणि तिथला अंडरपास मंजूर होता, जिल्हाधिकारी वर्षभर परवानगी देत नाहीत असंही रेल्वेनेच सांगितलं. म्हणजे सकाळी ड्रायव्हर, नंतर गेटमन, मग कलेक्टर ऑफिस. सी_फा, तुमच्या गेटमनला वाचवायचं असेल तर तुम्हालाच स्वतंत्र चौकशी सगळ्यात जास्त हवी.

सी_फा
स्वतंत्र आहेच की. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाखाली येतच नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. लोकांना हेच माहीत नसतं आणि एनटीएसबी एनटीएसबी करतात.

मिसुरीकर
माहीत आहे. कागदावर उत्तम व्यवस्था आहे. पण बहुतेक आयुक्त रेल्वेतूनच येतात, आणि रिपोर्ट लोकांपुढे कुठे येतो? ओडिशातल्या बहानगाचा रेल्वे अपघात बघा, जून २०२३, २९० च्या वर माणसं गेली. तिथल्या सिग्नलच्या वायरिंगमधली एक गडबड ९४ नंबरच्या फाटकाच्या बॅरिअरच्या कामातली होती, म्हणजे तिथेही मुळाशी फाटकच. हे आपल्याला कळलं कसं? पेपरवाल्यांच्या हाती रिपोर्ट लागला म्हणून. मेंडनचे तर फोटो, मोजमापं, जबाब सगळं नेटवर पडलंय, कुणीही उघडून बघावं.

आकडेमोड
उघडून बघणारे किती? तुम्ही एक.

खान्देशी गाडीवान
आकडेमोड साहेब, मी बघेन. आमच्याकडच्या एखाद्या फाटकाचा रिपोर्ट मराठीत टाका नुसता, ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर सगळ्यात आधी मी फिरवतो. कुठला चढ, कुठला गेज, कुठून गाडी दिसत नाही, एवढं एका पानावर आलं तरी चालेल. नाहीतर आम्हाला कळतं ते फक्त ठोकल्यावर.

सी_फा
बोर्ड लावलेला असतोच दादा. वाचत नाही कुणी.

वऱ्हाडी ठेचा
झाडाच्या मागं लावते ना तुमचं खातं बोर्ड.