सावकारी पाश (1925): दोषी सावकार की कागद?

रांगडा_गडी:
बाबूराव पेंटरांच्या या मूकपटाला शंभर वर्षं झाली तरी प्रत्येक लेखात तेच, दुष्ट सावकार नि गरीब शेतकरी. अरे पण त्याची जमीन जाते कशाने, खोट्या कागदाने ना? म्हणजे तो लिहून देणारा कुणीतरी असणार, साक्षीला उभा राहणारा असणार आणि तो खरा धरणारं कोर्ट पण आलंच. एकटा सावकार काय रान उचलून नेतो का! माझ्या मते हा गावातल्या सगळ्या साखळीच्या भ्रष्टाचारावरचा सिनेमा आहे.

पंचगंगाकाठ:
जरा दमानं. मूळ मूकपट आपल्यापैकी बघितलाय कुणी? प्रिंटच राहिली नाही. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या कादंबरीकार ना. ह. आपट्यांच्या गोष्टीवर आपण आजची सिस्टीम चिकटवतोय. आणि तेव्हा तरी लोकांनी कुठे डोक्यावर घेतला, पौराणिक-ऐतिहासिक बघायची सवय, हा फारसा चाललाच नाही.

रांगडा_गडी:
न चालणं हा काय पुरावा झाला का? 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ले केले तेव्हा लोकं कशाच्या मागे होती? रोखे, गहाणखतं, वह्या. जीव कशात आहे ते अडाणी माणसाला बरोबर कळत होतं, सरकारला चार वर्षांनी शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला.

मध्येच_बोलतो:
ती अंधारातली झोपडी आणि कुत्र्याचं रडणं, तो एक सीनच सगळं सांगतो राव.

पंचगंगाकाठ:
मूकपटात कुत्रं रडलेलं ऐकू कसं आलं तुम्हाला? हाहा. ते 1936 च्या बोलपटातलं, पेंटरांनीच शालिनी सिनेटोन या कंपनीसाठी परत केलेला. चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांनी जी आठवण सांगितलीय ती त्याची. दोन्ही कालवू नका.

मध्येच_बोलतो:
चुकलं. कुठल्यातरी लेखात तसंच वाचलेलं.

आजोळची_पोर:
मला तर मूकपटात व्ही. शांतारामने केलेला तो तरुण शेतकरी जमीन गेल्यावर शहरात गिरणीत लागतो तेच जास्त टोचतं. आमच्या आजोळी सेम झालं, फक्त सावकार भावकीतलाच आणि कागद एकदम खरा, आजोबांना वाचता येत नव्हतं एवढंच. खोटा करायची गरजच पडली नाही.

रांगडा_गडी:
ताई, हेच म्हणतोय मी!

पंचगंगाकाठ:
कुठे हेच? त्यांच्याकडे कोर्ट, साक्षीदार सगळे सरळ होते तरी रान गेलंच की. मग भ्रष्टाचार कुठला शोधणार तू?