पंधरा वर्षांच्या पोराला त्याचा कॅन्सर सांगायचा की नाही?

सातरस्ता_मामा:
स्पष्टच लिहितो, बऱ्याच जणांना पटणार नाही. भाचा दहावीला आहे, ब्लड कॅन्सर, त्यातला एएलएल नावाचा प्रकार. घरात सगळ्यांना माहितीय, शेजारच्या काकूंनापण माहितीय, फक्त त्यालाच "रक्त कमी झालंय" एवढं सांगून ठेवलंय. माझं म्हणणं सांगून टाका. आता मेंटेनन्स चालूय, म्हणजे घरीच गोळ्या, मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही आठवड्याची गोळी चुकून रोज घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी ढासळतात, जिवावर बेततं, आणि रोजची सारखी बुडवली तर आजार उलटायचा धोका वाढतो. मग ज्यानं गिळायची त्यालाच माहीत नको? जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला जायचं म्हणून पठ्ठ्यानं ताप लपवला, क्रोसिन घेतली आन गेला पाळण्यात बसायला. १००.४ च्या वर ताप गेला की लगेच हॉस्पिटल गाठायचं, पांढऱ्या पेशी कमी असल्या की इन्फेक्शन बघता बघता अंगभर पसरतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दाजी म्हणतात खचेल तो.

लेकीची_आई:
दाजी बरोबर म्हणतात. मामांना बोलायला सोपंय ओ, रात्री पोराजवळ कोण झोपतं? माझी मुलगी तेरा वर्षांची होती, तिला आम्ही "गाठीचा आजार" सांगितलं, कॅन्सर हा शब्द घरात काढला नाही. सगळी ट्रीटमेंट पूर्ण झाली, आज कॉलेजला जाते. गोळ्या मी स्वतः हातावर ठेवायचे, ताप मी बघायचे. आईबाप कशाला असतात मग?

कडक_भाकरी:
ताई राग मानू नका पण तिला कळलं नसेल असं खरंच वाटतं का तुम्हाला? बार्शीला नेलं तर हॉस्पिटलच्या बोर्डावरच कॅन्सर लिहिलेलं असतंय आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं परळला टाटात नेलं म्हणजे काय हे सोलापुरात शेंबडं पोरगंपण ओळखतंय. पोरं गप बसतात कारण आई रडेल म्हणून. वर मोबाईल आहेच, औषधाचं नाव टाकलं की पाच मिनिटात सगळं पुढ्यात, आणि तिथं काय वाटेल ते वाचतात, त्यापेक्षा घरातून कळलेलं बरं. भारतानं १९९२ मध्ये बालहक्क करार मान्य केलाय, त्यात मुलाच्या बाबतीतल्या निर्णयात त्याचं म्हणणं ऐकायचं असं लिहिलंय.

विडीघरकुल:
करार घेऊन या की आमच्याकडं, चहा पाजतो. अठराच्या आत सही आईबापाची लागते, ती उगाच नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोराला सांगितलं तर त्यानं दोन दिवस ताटाला हात लावला नाही. आन सांगणार कोण? ओपीडीत एवढी गर्दी, डॉक्टर फाईल बघून पुढच्याला हाक मारतात. आई शिकलेली नाही, ती काय पेशी समजावणार?

वॉर्डातली_ताई:
हा प्रश्न मात्र खरा आहे. लहान मुलांच्या वॉर्डात फुग्यांची चित्रं असतात, मोठ्यांचा माहितीचा कागद आजोबांना समोर ठेवून लिहिलेला असतो, मधल्या वयाच्या पोरांसाठी काहीच नाही. एकदा बसवून सगळं ओतू नका, कुणीपण हबकेल. त्याला आधी काय विचारायचंय ते विचारू द्या. बहुतेक पोरं केसांबद्दल विचारतात, दहावीच्या परीक्षेबद्दल विचारतात, मरणाबद्दल लगेच नाही. स्टेरॉईडच्या दिवसांत भूक सुटते, तोंड सुजतं, विनाकारण चिडचिड होते, ते औषधामुळं आहे हे आधी सांगितलं नाही तर पोराला वाटतं आपलं डोकंच फिरलं.
अजून एक, लोकांना आवडणार नाही. काही केमोनं पुढं मूल व्हायला अडचण येऊ शकते. वयात आलेल्या मुलाचं वीर्य साठवून ठेवता येतं पण ते केमो सुरू व्हायच्या आधीच, आणि ते बापासमोर विचारलं तर पोरगं मान वर करत नाही. बापाला पाच मिनिटं बाहेर बसवावं लागतं.

लेकीची_आई:
म्हणजे आता हेपण बोलायचं. मुलीच्या लग्नाचं बघायचं असतं तेव्हा समजेल तुम्हाला, आमच्यात एकदा नाव निघालं की धाकटीचंपण स्थळ जातं.

वॉर्डातली_ताई:
जगाला सांगा असं कुठं म्हणतेय मी, तिला सांगा म्हणतेय. ताई, तुमच्या मुलीला लाल रंगाचं औषध सलाईनमधून दिलं होतं का? ते बहुधा डॉक्सोरुबिसिन. त्याचा परिणाम हृदयावर पुढं कित्येक वर्षांनीपण दिसू शकतो, म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा असतो आणि दिवस गेले तर तिथल्या डॉक्टरला आधी सांगायचं असतं. तुम्ही तेव्हा शेजारी नसाल तर ती काय सांगणार? गाठ होती एवढंच?

लेकीची_आई:
लाल होतं. लघवीपण लाल व्हायची, तू बीट खाल्लंयस म्हणून होतंय असं मी तिला सांगितलं होतं.

सातरस्ता_मामा:
ताई, फाईल आहे ना अजून?

लेकीची_आई:
आहे, कपाटात साड्यांखाली. किती डोस दिला ते कुठल्या कागदावर असतं? आणि हे बघा, तिला सांगायचं की नाही ते माझं मी ठरवेन, तुमच्या भाच्याचं तुम्ही बघा.

वॉर्डातली_ताई:
डिस्चार्ज कार्डवर बघा. नसेल तर जिथं ट्रीटमेंट झाली तिथं ट्रीटमेंट समरी, म्हणजे काय काय औषध किती दिलं त्याचा कागद, मागा.

विडीघरकुल:
मामा, दाजींना नका सांगू, आधी बहिणीशी बोला. आन गड्ड्याचं तिच्या कानावर घाला, अजून घातलं नसेल तर.