न वापरलेली स्टेपनी म्हणजे नवी स्टेपनी नव्हे

वाडीवरचा पिकअप
काल इथे एका भाऊंनी विचारलं होतं, "माझ्या पिकअपची स्टेपनी २०१४ ची, गाडीबरोबर आलेली. एकदाही रस्त्याला लागली नाही, नक्षी पूर्ण शाबूत. मुलगा म्हणतो बदला. बदलू का?" खाली सगळ्यांनी एकच री ओढली: नवीकोरी आहे, राहू दे. एकाने तर लिहिलं, स्टेपनी बदलणं म्हणजे टायरवाल्याच्या पोराच्या लग्नाला आहेर. हसू आलं, मग डोकं फिरलं. लांब लिहिणार आहे, कंटाळा असेल त्याने पुढे जावं.

टायर झिजून मरतो तसा बसूनही मरतो. रबराला हवेतल्या ओझोनपासून जपायला त्यात मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरला, दबला, की ती वर येतात. गाडीखाली टांगलेल्या टायरला दाबणार कोण? तो कोरडा पडतो, आणि चिरा पडतात त्या बऱ्याचदा वरच्या अंगाला, हौद्याकडे तोंड केलेल्या बाजूला. तिथे कोण वाकून बघतो? बाजूवर डीओटीपासून सुरू होणारी ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायर कंपन्या स्वतः सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. स्टेपनीसकट. भाऊ, मुलाचं ऐका.

चिपळूणचा टेंपो
ज्ञान छान आहे. पण स्टेपनी पंक्चरवाल्यापर्यंत जायला असते, वाशी मार्केटपर्यंत नाही. साताठ हजार लोंबकळणाऱ्या टायरवर घालायचे आणि जे चार रस्त्यावर फिरतात ते गुळगुळीत ठेवायचे, ही कुठली अक्कल? मी रोज बघतो, पुढचे टायर तारेवर आलेत आणि मालक स्टेपनीला शाम्पू लावतोय. पैसा मर्यादित असतो हो. आधी चालत्या चाकांवर घाला.

देवगडी हापूस
पंक्चरवाल्यापर्यंत म्हणतस, पण रात्री दोन वाजता करूळ घाटात तुझो मावसभाव पंक्चरवालो बसलो आसा काय? गेल्या सीझनाक आमची गाडी भरलेली, मागचो टायर फुटलो. स्टेपनी लावली, अशीच जुनी, नक्षी एकदम झकास. वळणां चढता चढता नक्षीचो पट्टोच सोलान गेलो, मडगार्ड फाटला. माल दुसऱ्या गाडयेत भरूक लागलो, तोपर्यंत एप्रिलाचा ऊन डोक्यार इला. कोल्हापुरात पोचलो तेव्हा अर्धो आंबो नरम. दर काय मेळलो ता इचारू नको. साताठ हजार म्हणे!

चिपळूणचा टेंपो
एकाचा टायर फुटला म्हणून सगळ्यांनी नवे घ्यायचे? माझ्या काकांनी बारा वर्षांच्या स्टेपनीवर खेड ते पनवेल गाडी आणली, काही झालं नाही.

वाडीवरचा पिकअप
काका रिकामे आले की भरलेले?

चिपळूणचा टेंपो
रिकामे. पण मुद्दा तो नाही.

वाडीवरचा पिकअप
मुद्दा तोच आहे. पिकअपच्या मागच्या धुरावर दीड टन बसतं तेव्हा टायरचं खरं वय कळतं.

कंप्रेसर बाळगा
एवढी मारामारी कशाला? ट्यूबलेस घ्या, पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर सीटखाली टाका. २०२० च्या नियमदुरुस्तीनंतर दुरुस्ती किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी नसली तरी चालते.

वाडीवरचा पिकअप
ते प्रवासी गाड्यांचं आहे हो, आमच्या मालगाडीचं नाही. आणि किट खिळ्याच्या भोकाला चालतं. आमच्याकडे खडीची धार टायरची बाजू चिरते, तिथे भोक बुजवायची गुंडी कसली बसवणार?

परळचा चाकरमानी
मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. रस्ता धड असता तर स्टेपनीची चर्चाच झाली नसती. दर गणपतीला

चिपळूणचा टेंपो
आला! प्रत्येक धाग्यात महामार्ग. बांगड्याच्या भावाचा विषय असला तरी हे महामार्गावर आणतील. तुम्ही वर्षातून एकदा येता, आम्ही रोज चालवतो.

मिरकरवाड्याचा
बांगड्याचं नाव निघालंच आहे तर बोलतो. आमच्या मासळीच्या गाड्यांना टायरच्या वयाचा प्रश्नच येत नाही, त्याआधी स्टेपनी टांगलेली साखळी जाते. बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट स्टेपनीवर ठिबकतं. साखळी गंजते, रिमची कड गंजते, तिथून हवा सुटते. गरज पडते तेव्हा स्टेपनी सपाट, आणि पेच इतका गंजलेला की खाली उतरतच नाही. एकाची तर हातखंब्याच्या पुढे स्टेपनी कुठे पडली ते त्याला गाडी धुताना कळलं. म्हणून सांगतो, टायर बदला न बदला, साखळी आणि पेचाला ग्रीस लावा.

साखरप्याची पायवाट
थांबा. म्हणजे कबूल करताय ना की खारं पाणी खाली पडतं? हेच पाणी आंबा घाटभर सांडत कोल्हापूरला जाता तुम्ही. माझा भाऊ त्याच ओल्या पट्ट्यावर दुचाकीवरून घसरला, मनगटात रॉड आहे. पावसात लोक म्हणतात शेवाळ. शेवाळ नाही, मासळीचं तेलकट पाणी. पहाटे वास येतो तो वेगळाच. तुम्हाला साखळीची काळजी, आम्हाला हाडांची.

मिरकरवाड्याचा
भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण बर्फ वितळणारच. भोक बंद केलं तर मासा पाण्यात बसतो आणि मऊ पडतो. खाली टाकी लावली तर ती भरते, आणि ती रिकामी करायला घाटात किंवा घाटाखाली एक तरी जागा कोणी दिलीय का?

साखरप्याची पायवाट
म्हणून माझ्या दारात रिकामी करायची? टाकी लावा, बंदरावर परत आल्यावर ओता. टाकी भरेल एवढा बर्फ भरता आणि वर माल भरता म्हणून ती पुरत नाही.

मिरकरवाड्याचा
जादा माल फक्त आम्हीच भरतो का? जांभ्याचे चिरे भरलेली पिकअप बघा, स्प्रिंगचे पाटे उलटे वाकलेले असतात. आंब्याच्या गाडीच्या पेट्या केबिनच्या वर दिसतात. त्यांना कोणी बोलत नाही, कारण आंबा खानदानी आणि मासळी वासाची.

देवगडी हापूस
आंब्यार कोण घसरान पडलो नाय अजून.

मिरकरवाड्याचा
टायर फुटून घाटात गाडी आडवी घातलीत ती कोणी, वर वाचा. मागे किती गाड्या अडकल्या ते सांगितलं नाहीत. १ जून ते ३१ जुलै आमची मासेमारी बंद, उत्पन्न शून्य, हप्ते चालू. त्यात टाकी लावा, स्टेपनी बदला, ग्रीस लावा. यादी तुमची, खिसा आमचा.

साखरप्याची पायवाट
खिशाचं सांगू नका. रॉडचं बिल दाखवू का?

परळचा चाकरमानी
रस्ता सिमेंटचा असता तर

साखरप्याची पायवाट
तुम्ही गप्प बसा हो!

वाडीवरचा पिकअप
मासळीच्या पाण्यावर वेगळं भांडा, हवं तर मी साखरप्याच्या बाजूने येतो, कारण माझीही गाडी त्या घाटात घसरलेली आहे. पण मिरकरवाड्याच्या बोलण्यात एक काम निघालं. स्टेपनी महिन्यातून एकदा खाली उतरवा. उतरली तर वय, चिरा, व्हॉल्व, हवा सगळं दिसेल. उतरलीच नाही, तर तुमच्याकडे स्टेपनी नाही एवढं समजा. हवा मागच्या भरल्या टायरला लागते तेवढी ठेवा. जास्त झाली तर काढता येते, कमी पडली तर घाटात फुंकून भरता येत नाही.

चिपळूणचा टेंपो
एवढंच असेल तर मीही एक सांगतो, आणि हे तुम्हाला पटलं असं समजू नका. नवा टायर स्टेपनीसाठी कोणी घेऊ नये. मागची जोडी बदलाल तेव्हा निघालेल्यातला बरा एक खाली टांगा आणि २०१४ वाला भंगारात द्या. खर्च शून्य. हेच मी पहिल्यापासून म्हणतोय.

देवगडी हापूस
पयल्यापासून तू म्हणी हुतस बदलू नको.

चिपळूणचा टेंपो
नवा घेऊ नको म्हणत होतो.

वाडीवरचा पिकअप
वर वाचता येतं सगळ्यांना. असो, युक्ती मान्य, पण निघालेला टायर सहा वर्षांच्या आतला हवा आणि मापाचा हवा. गाडीवर आधी नायलॉन जातीचे टायर होते आणि आता रेडियल जातीचे घातलेत, तर नायलॉनची स्टेपनी ठेवू नका, एका धुरावर दोन जाती चालत नाहीत. मागे लहान-मोठे टायर लावून लांब पळवलात तर डिफरन्शियल उगाच राबतं. आणि नवी जोडी घ्यायचीच असेल तर सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, दुकानदार जुना भाव सांगत असेल तर बिल मागा.

चिपळूणचा टेंपो
धन्यवाद, टायरवाल्याच्या पोराच्या लग्नाचे मुख्य यजमान.

मिरकरवाड्याचा
साखरपा, टाकीचं बोलू. साधारण किती लिटरची लावली तर मलकापूरपर्यंत पुरेल, कोणी लावली असेल तर सांगा. ओतायची कुठे ते मात्र तुम्हीच ग्रामपंचायतीला विचारा, आम्ही विचारलं की दारातून हाकलतात.

साखरप्याची पायवाट
विचारतो. तोपर्यंत पहाटे सावकाश जा.