पॅकेज टाकूनही एसडीएल२ सापडत नाही, त्याबद्दल

सुपरटक्सकार्ट (गाड्यांच्या शर्यतीचा मोफत गेम) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधताना एसडीएल२ (गेमला लागणारी लायब्ररी) टाकलेलं असूनही सीमेक (बिल्डची तयारी करणारं टूल) 'सापडत नाही' म्हणतंय ना, तर उबंटू लिनक्सवर नुसती लायब्ररी असून भागत नाही, कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइल्स वेगळ्या पॅकेजात असतात, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं ते टाक (फेडोरावर 'डेव्हेल'). आणि मग बिल्ड फोल्डर आख्खं उडवूनच सीमेक परत चालव, कारण ते कधीकधी जुनं उत्तर कॅशमध्ये धरून बसतं, माझी एक पूर्ण संध्याकाळ यात गेलीये.

कोणीतरी बिल्डसाठी मेक -जे८ (म्हणजे एकदम आठ कामं चालवणं) सांगितलंय, ते रॅम भरपूर असेल तरच! ४ जीबीवर मधेच 'किल्ड' येऊन थांबू शकतं, तो कोडचा एरर नसतो, मेमरी संपली म्हणून कर्नलने (सिस्टिमच्या गाभ्याने) कंपायलरला मारलेलं असतं. जे२ ने कर, हळू होईल पण होईल.

आणि हो, ट्रॅक, गाड्या वगैरे गेमचा कोड जिथे ठेवलाय त्या गिटमध्ये नाहीतच, ते एसव्हीएनवरून (गिटसारखंच दुसरं टूल) वेगळे घ्यायचे आणि एसटीके-ॲसेट्स फोल्डर एसटीके-कोड या कोडच्या फोल्डरच्या शेजारी ठेवायचं, आत नाही. तरी अडलंच तर शेवटची ओळ नको, सगळ्यात पहिला एरर इथे टाक.