नर नाही तरी गप्पीला परत पिल्लं??

नवखा_टाकीवाला:
मंडळी डोकं चालेना झालंय. टाकीत एकच गप्पी मादी, दुसरा मासा नाही. आणली तेव्हाच पोट फुगलेलं होतं, आठवड्यात पिल्लं झाली, ती सगळी काढून वेगळ्या टबात टाकली. त्याला महिना होतोय तोच आज बघतो तर परत वीसेक पिल्लं, नुसते डोळे नि शेपटी! एखादं पिल्लू टाकीत राहून तेच नर निघालं असेल का?

शेवाळ_काका:
हिशोब बसत नाही. महिन्याचं पिल्लू बाप होत नाही आणि झालं असं धरलं तरी पुढे पोटात वाढायला तीन-चार आठवडे जातातच. मादी नराचे स्पर्म पोटात साठवून ठेवते, एकदा जोडी लागली की नराशिवाय काही महिने पिल्लं देत राहते. शेपटीजवळचा काळा डाग गडद होऊन पोट चौकोनी दिसायला लागलं की समजायचं, दिवस भरत आले. तेव्हा टाकीत पिल्लांना लपायला मॉस (पाण्यातली शेवाळासारखी वनस्पती) भरपूर टाका, नाहीतर आईच पिल्लं गिळते, तिला माया वगैरे काही नाही 😅

नदीकाठ:
याची कमाल कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या ओढ्यांत बघायची, तिथे गप्पी रानात सापडतात. तिथे नर लवकर मरतात, मादी जास्त जगते, त्यामुळे बरीच पिल्लं मेलेल्या बापाची असतात. त्याच ओढ्यांत धबधब्याखाली पाईक सिक्लिड हा शिकारी मासा गप्पींना खातो म्हणून तिथले नर फिके, वर तो पोचत नाही तर नर भडक रंगाचे. १९७६ मध्ये एंडलर या जीवशास्त्रज्ञाने खालचे गप्पी उचलून वर सोडले, नंतर रेझनिक या दुसऱ्या जीवशास्त्रज्ञाने मोजमापं घेतली, ११ वर्षांत ते उशिरा वयात यायला लागले, पिल्लं कमी पण मोठी द्यायला लागले. एवढ्याशा माशात एवढ्या लवकर!

शेवाळ_काका:
ते सगळं भारीच, पण @नवखा तुमचा खरा घोळ त्या टबात आहे. पोटाखालचा मागचा पर बघा, नराचा काडीसारखा टोकदार होतो, मादीचा पंख्यासारखाच राहतो. टोक दिसलं की त्याच दिवशी वेगळा करा, भाऊ-बहीण त्यांना कळत नाही.

नवखा_टाकीवाला:
आत्ताच टॉर्च मारून बघितलं, तिघांचा पर टोकदार वाटतोय, एकाचं नक्की कळत नाही कारण हलायचं थांबतच नाही. त्यालाही तिघांबरोबर काढू का?

शेवाळ_काका:
काढा, चार दिवसांनी परत बघा.